२३ तुकड्यांचं बेअरिंग प्रेस किट: बेअरिंग तर बसलं, मग चाक का हलतंय?

आधी निकाल, मग कारणं. प्लॅस्टिकच्या पेटीत येणारं, निरनिराळ्या नावांनी ऑनलाइन विकलं जाणारं २३ तुकड्यांचं फ्रंट व्हील बेअरिंग किट पाचपैकी साडेतीन ताऱ्यांचं आहे. नवं बेअरिंग बसवायला चांगलं, जुनं काढायला जेमतेम, आणि काही गाड्यांना अजिबात उपयोगाचं नाही. एक तारा सळयांच्या दर्जासाठी कापला, अर्धा पेटीतल्या माहितीपत्रासाठी. बेअरिंग कसं दाबायचं एवढंच तिथे असतं. काम झाल्यावर चाक ढिलं का राहू शकतं याबद्दल चकार शब्द नाही. आणि या किटवर लोकांचा राग निघतो तो तिथेच: "नवीन बेअरिंग टाकलं, तरी चाक हलतंय." त्यात किटचा दोष थोडा असतो, बसवणाऱ्याच्या घाईचा जास्त.

पेटीत आटे असलेल्या जाड सळया, त्यांचे मोठे नट, एक थ्रस्ट बेअरिंग (नटाखाली बसून घर्षण कमी करणारं), आणि बाकी सगळ्या पोलादी चकत्या व वाट्या असतात. चकती बेअरिंगला ढकलते. वाटी पलीकडून नकलला टेकते आणि बाहेर येणारं बेअरिंग पोटात घेते. (नकल म्हणजे सस्पेन्शनचा तो ओतीव भाग, ज्याच्या भोकात बेअरिंग बसतं.) नट आवळला की दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकतात. हायड्रॉलिक प्रेसचं काम आट्यांवर करायचं, इतकीच कल्पना आहे, आणि कल्पना चोख आहे. सगळ्यात मोठा फायदा असा की नकल गाडीवरून उतरवावा लागत नाही. ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकाला पोचवणारा दांडा) बाजूला सारायला खालचा बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा सांधा) किंवा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा सांधा) सोडावा लागला, तरी शॉकॲब्सॉर्बरचे बोल्ट जागच्या जागी राहतात आणि अलाइनमेंटला सहसा धक्का लागत नाही. प्रेसवाल्याकडे जायचं तर हे सगळं सोडून नकल हातात घेऊन जावं लागतं.

पण पेटीत स्लाइड हॅमर (सरकत्या वजनाच्या झटक्याने भाग उपटायचं साधन) नसतो. बेअरिंगला हात लावण्याआधी त्यातून हब (चाक आणि ब्रेक डिस्क ज्याला जोडतात तो भाग) उपटावा लागतो आणि हबचा फ्लँज, म्हणजे त्याची रुंद चपटी कड, किटच्या वाट्यांपेक्षा मोठा असतो, म्हणजे हे किट हब काढू शकत नाही. स्लाइड हॅमर वेगळा घ्यावा लागतो किंवा कुणाकडून तरी मागून आणावा लागतो. वर्णनात 'संपूर्ण किट' असं लिहिणाऱ्या विक्रेत्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

कोणत्या गाडीला चालतं, हा दुसरा प्रश्न. नकलमध्ये दाबून बसणारं, बाहेरून साध्या कड्यासारखं दिसणारं दोन ओळींच्या गोळ्यांचं बेअरिंग असेल तर हे किट तुमचं. बाजारातल्या बऱ्याच छोट्या फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक अशाच आहेत. फोक्सवॅगन पोलो, स्कोडा फाबियासारख्या गाड्यांत हब आणि बेअरिंग एकत्र येतात. त्यांना ६२, ६६, ७२ मिमी अशा ठरावीक मापांची, दोन अर्ध्या कवचांची वेगळी साधनं लागतात. तिथे हे किट वापरलं की दाब गोळ्यांवर जातो आणि नवं युनिट बसता बसताच मरतं. ज्या गाड्यांत हब युनिट तीन-चार बोल्टांनी नकलला जोडलेलं असतं, तिथे प्रेस लागतच नाही. जुन्या मारुती ८०० मध्ये दोन सुटी बेअरिंग आणि मध्ये स्पेसर असतो. तिथे स्पेसर विसरला किंवा चुकीच्या लांबीचा लागला की चाक हमखास ढिलं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या जीपगाड्यांच्या पुढच्या हबमध्ये टेपर बेअरिंग असतात. तिथला ढिलेपणा नट आवळून, चाक फिरवत, मग थोडा सोडून जुळवायचा असतो. तो विषयच निराळा.

मागवण्याआधी जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचा. उदाहरणार्थ डीएसी ३९७२००३७: आतला व्यास ३९ मिमी, बाहेरचा ७२, रुंदी ३७. अशा बेअरिंगला ढकलणारी चकती ७० ते ७१.५ मिमीची हवी, म्हणजे ती बाहेरच्या रेसवर (रेस म्हणजे गोळ्या ज्यावर फिरतात ते कडं; एक आत, एक बाहेर) टेकेल पण भोकात अडकणार नाही. पलीकडच्या वाटीचं तोंड आतून ७२ पेक्षा मोठं हवं. किटमधल्या चकत्यांवर कोरलेल्या मापांवर विसंबू नका. व्हर्नियरने मोजा, कारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक इथे मोठा असतो.

आता दर्जा. चकत्या आणि वाट्या ठीक आहेत, त्यांवर घाव घालायचा नसतो त्यामुळे टिकतात. दुबळी जागा सळईची. पोलाद मऊ असतं आणि कोरड्या आट्यांवर जोर लावला की आटे एकमेकांना चावतात. मोलिब्डेनमचं ग्रीस आट्यांवर आणि थ्रस्ट बेअरिंगवर दर वेळी लावायचं. आधीचं लागलेलं आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. इम्पॅक्ट गन लावायची नाही. विक्रेत्याच्या व्हिडिओत ती दिसते, आणि किटची सळई मरायचं पहिलं कारणही तीच. एका टोकाला पाना धरून दुसरीकडे लांब टामीने सावकाश फिरवा.

कोकण किनारपट्टीवर किंवा दर पावसाळ्यात पाण्यातून जाणाऱ्या गाडीत बेअरिंगचा बाहेरचा रेस नकलला गंजाने धरलेला असतो. अशा वेळी किटची ताकद संपते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी नकलच्या बाहेरून हॉट एअर गनने ऊब द्या आणि मग ओढा. तरी सरकलं नाही, सळई पीळ खायला लागली, तर थांबा. नकल उतरवून २० टनी प्रेसकडे न्या. सळई तुटली तर तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही.

नवं बेअरिंग बसवताना किट खरं खुलतं. नकलचं भोक पॉलिश पेपरने गोल-गोल घासून, ब्रेक क्लीनरने पुसून घ्या; भोकाच्या कडेला राहिलेली गंजाची पापडी बेअरिंगला वाकडं शिरायला लावते. बेअरिंग दोन-तीन तास पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायची जुनी युक्ती खरी आहे. उणे १८ अंश आणि ३० अंश यांतला ४८ अंशांचा फरक ७२ मिमीच्या पोलादी कड्याला सुमारे ०.०४ मिमी आकसवतो, आणि घट्ट बसण्याच्या हिशेबात एवढं पुष्कळ झालं. बाहेर काढल्यावर त्यावर दव जमतं, ते लगेच पुसा. बेअरिंग भोकात सरळ धरून पहिले तीन-चार आटे हातानेच फिरवा. वाकडं चाललंय वाटलं की मागे या. अर्धं वाकडं गेलेलं बेअरिंग जोराने सरळ होत नाही, नकलचं भोक मात्र ओरबाडतं.

बाजू बघूनच दाबा. अनेक नव्या गाड्यांत एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) चुंबकी पट्टा बेअरिंगच्या एका सीलमध्येच असतो. एप्रिल २०१९ नंतर भारतात विकल्या गेलेल्या सगळ्या नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचं असल्याने हा मुद्दा वाढत जाणार. गडद तपकिरी किंवा काळ्या पट्ट्याची बाजू सेन्सरकडे. उलटं बसलं तर चाक हलणार नाही, पण डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागेल आणि सगळं पुन्हा उघडावं लागेल. दाबून काढलेलं बेअरिंग परत वापरता येत नाही. त्या पट्ट्यापासून चुंबकी ट्रे आणि चुंबकी स्क्रूड्रायव्हर लांब ठेवा.

इथवर किटचं कौतुक. आता चाक हलतंय त्याकडे.

गाडी जॅकवर उचला, पण खाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा, मग नऊ आणि तीनच्या जागी. दोन्हीकडे सारखंच हललं तर संशय बेअरिंगवर किंवा हबच्या नटवर. फक्त नऊ-तीनला हललं तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅक. फक्त बारा-सहाला हललं तर खालचा बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश किंवा शॉकॲब्सॉर्बरचा वरचा माउंट. हा ढोबळ नियम आहे, निकाल नव्हे. निकाल पुढच्या परीक्षेत: दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. ब्रेक पॅड डिस्कला धरतात, डिस्क हबला जोडलेली, कॅलिपर नकलला. म्हणजे ब्रेक दाबला की हब आणि नकल एकजीव होतात आणि मधलं बेअरिंग खेळातून बाद होतं. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष बेअरिंग, हब किंवा नटात. तेवढीच राहिली तर दोष नकलच्या पलीकडे, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगमध्ये. दोन मिनिटांची ही परीक्षा न करता पुन्हा नवं बेअरिंग घेणारे कमी नाहीत.

चाक काढून, डिस्क दोन नटांनी हबला आवळून, डायल गेजचा (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या काटेरी तबकडीच्या मापकाचा) चुंबकी पाय नकलवर आणि टोक हबच्या तोंडावर ठेवलं की आकडा मिळतो. आतबाहेरची हालचाल बहुतेक उत्पादकांना ०.०५ ते ०.१ मिमीपेक्षा जास्त चालत नाही, आणि नीट बसलेल्या नव्या बेअरिंगमध्ये हाताला काहीच जाणवायला नको. हातांना मात्र आकड्यापेक्षा जास्त जाणवतं. बेअरिंगच्या आत ५० मिमी अंतरात ०.०५ मिमीची तिरकी हालचाल असेल तर १६५/८० आर १४ टायरच्या वरच्या कडेला ती ०.३ मिमी होते. म्हणून "थोडंसंच हलतंय" ही भाषा नव्या बेअरिंगला लागू नाही.

दोष बेअरिंगच्या बाजूला निघाला तर सगळ्यात आधी ड्राइव्ह शाफ्टचा मोठा नट. या प्रकारच्या बेअरिंगमध्ये आतला रेस अखंड नसतो. दोन अर्धे तुकडे तोंडाला तोंड लावून असतात. त्यांना एकमेकांवर दाबून धरायचं काम बेअरिंग स्वतः करत नाही, शाफ्टचा नट करतो. नट पूर्ण आवळला की दोन अर्धे भिडतात आणि गोळ्यांमधली मोकळीक नाहीशी होते. नट कमी आवळला की अर्धे अलग राहतात आणि कारखान्यातून आलेलं शंभर टक्के चांगलं बेअरिंगही हातात डुगडुगतं. बेअरिंग बदलल्यावर चाक हलणाऱ्यांनी पहिला पाना इथे लावावा.

किती आवळायचा? छोट्या आणि मध्यम हॅचबॅकमध्ये हा आकडा साधारण १७५ ते २८० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, कारण काही गाड्यांत आधी ठरावीक टॉर्क आणि वर ठरावीक अंशाचा वळसा असतो. बाजारात सहज मिळणारा अर्ध्या इंचाचा टॉर्क रेंच बहुधा २१० पर्यंतच जातो. १७५ ला तो पुरतो, २५० ला नाही. आणि २१० वर 'टक्' वाजला म्हणजे झालं, असं समजणं हीच ती चूक. मोठा रेंच नसेल तर वजनाचा हिशेब करा: नटाच्या मध्यापासून ४५ सेंमीवर आडव्या टामीला ४० किलो वजन टांगलं तर ४० × ९.८१ × ०.४५, म्हणजे साधारण १७७ न्यूटन मीटर. टामी आडवी हवी आणि वजन खरंच ४० किलो हवं. "मी ७० किलोचा, वर उभा राहिलो" हा हिशेब नव्हे. इम्पॅक्ट गनने आवळलेला नट घट्ट आहे असं वाटतं, किती घट्ट ते ती सांगत नाही.

नट आवळताना गाडीचं वजन त्या चाकावर नको. दुसऱ्याला ब्रेक दाबायला लावून, चाक हवेत ठेवूनच पूर्ण टॉर्क द्या. नट ढिला असताना गाडी खाली टेकवली, दोन फूट मागे-पुढे ढकलली, तरी अलग असलेल्या रेसच्या कडांवर गोळ्या चढतात. मग नट कितीही आवळा, गुणगुण राहतेच. शाफ्ट न लावता गाडी ढकलत गॅरेजबाहेर काढणं हाही तोच प्रकार.

नट नवा घ्या. बऱ्याच गाड्यांत हा नट आवळल्यावर त्याची पातळ कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवतात. जुना नट परत वापरला तर ती कड आधीच वाकून गेलेली असते, पुन्हा ठोकताना तुटते किंवा खाचेत शिरतच नाही, आणि दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये नट सुटायला लागतो. पहिल्या दिवशी घट्ट असलेलं चाक आठवड्याने हलायला लागलं तर आधी ही कड बघा. नटाखाली वॉशर असेल तर तोही बघा. काढताना ट्रेमध्ये राहून गेला की नट आट्यांच्या टोकाला टेकून थांबतो. टॉर्क रेंच 'टक्' वाजतो, पण तो टॉर्क आट्यांच्या शेवटाचा, रेसपर्यंत काहीच पोचलेलं नसतं. वेगळ्या गाडीचा, आतून कमी खोल असलेला नट लावला तरी हेच होतं.

नट बरोबर, तरी हलतंय? मग हब दाबताना चूक झालेली असू शकते, आणि ही चूक या किटने करणं सोपं आहे. बेअरिंग नकलमध्ये जाताना दाब बाहेरच्या रेसवर. हब बेअरिंगमध्ये जाताना मात्र पलीकडून आतल्या रेसला टेकू लागतो, म्हणजे चकती बदलावी लागते: ७० मिमीच्या जागी आतल्या रेसपुरती छोटी. तीच मोठी चकती ठेवून हब ओढला तर आतल्या रेसचा पलीकडचा अर्धा भाग मागे सरकतो, सील उचकटतं, आणि सगळा दाब गोळ्यांमधून बाहेरच्या रेसवर जातो. गोळ्यांचे ठसे रेसवर उमटतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. ५० किमीच्या वेगाला कानांना ऐकू येतात. वळणावर आवाज वाढला-घटला तर खात्रीच. असं बेअरिंग वाचवायच्या फंदात पडू नका. ड्राइव्ह शाफ्टच्या नटानेच हब ओढून घ्यायची युक्ती गावोगाव चालते. तिथे पलीकडचा टेकू सीव्ही जॉइंटचा (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याचा) असतो, कधी बरोबर जागी येतो, कधी नाही. शिवाय शाफ्टचे आटे ताणले जातात. किटची सळई असताना ते करायला कारण नाही.

यानंतरचं कारण हबच्या गळ्याचं. जुन्या बेअरिंगमधून हब उपटताना आतल्या रेसचा बाहेरचा अर्धा भाग बहुतेक वेळा हबवरच अडकून येतो. तो काढायला ग्राइंडरने रेसवर तिरपी खाच पाडतात, जाडीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत, आणि छिन्नीचा एक घाव घालून ती तडकवतात. पद्धत बरोबर आहे, फक्त डोळ्यांना गॉगल हवा; कडक केलेलं पोलाद तुकडे होऊन उडतं. ग्राइंडर जास्त खोल गेला तर खाच हबवर उतरते. खाचेचा उंचवटा पॉलिश पेपरने घासून सपाट करता येतो, पण हबचा व्यासच घासून कमी झाला असेल, किंवा आधीच्या खराब बेअरिंगची रेस हबवर फिरून तो झिजला असेल, तर नवी रेस हाताने सरकत जाते. प्रेसशिवाय आतली रेस हबवर बसली तर आनंद मानू नका. हब बदला. हब आणि बेअरिंग जोडीने बदलण्याचा खर्च पुन्हा सगळं उघडण्याच्या मजुरीपेक्षा कमीच पडतो.

तसंच नकलच्या भोकाचं. ढिलं बेअरिंग घेऊन गाडी फार दिवस चालली असेल तर बाहेरची रेस भोकात फिरते आणि भोक मोठं करते. नवं बेअरिंग अंगठ्याच्या दाबाने आत गेलं की समजा नकल संपला. यावर गॅरेजमध्ये दोन उपाय निघतात: भोकात पंचने ठिपके मारून धातू उठवायचा, किंवा पत्र्याची पट्टी घालायची. दोन्हींत बेअरिंग काही ठिकाणीच टेकतं, रेस अंडाकृती होते आणि काही हजार किलोमीटरमध्ये चाक पुन्हा हलतं. बेअरिंग धरून ठेवणारा चिकट द्रव अगदी किरकोळ झिजेला चालतो. पुढच्या चाकाच्या बाबतीत आमचं मत सरळ आहे: नकल बदला.

सर्क्लिप, म्हणजे बेअरिंगला भोकात अडवून धरणारं स्प्रिंगचं कडं, राहिली. बेअरिंग खांद्यापर्यंत पूर्ण गेलं की सळईवरचा जोर एकदम वाढतो, आणि सर्क्लिपची खाच सगळीकडून मोकळी दिसते. खाच अर्धी झाकलेली असेल तर बेअरिंग आत गेलेलं नाही. अशा वेळी सर्क्लिप कानशीने पातळ करून बसवल्याची उदाहरणं आहेत. कृपा करून तसं करू नका, आणखी दाबा किंवा काढून भोकाचा तळ साफ करा. सर्क्लिप बसल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने गोल फिरवून बघा, ती खाचेत फिरली पाहिजे. न बसलेली सर्क्लिप बेअरिंगला वळणावळणाला बाहेर सरकू देते, आणि मग ढिलेपणा किलोमीटरगणिक वाढत जातो.

ब्रेकच्या परीक्षेत दोष पलीकडे निघाला असेल तर आधी आपण स्वतः काय-काय सोडलं होतं ते आठवा. नकल उतरवला किंवा बॉल जॉइंट सोडला असेल तर खालच्या बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये पूर्ण वर गेला आहे ना ते बघा. त्याला खाच असते आणि आडवा बोल्ट त्या खाचेतून जातो. बोल्ट जबरदस्तीने गेला असेल तर दांडा खालीच राहिलाय. हा दोष चाक निखळण्यापर्यंत जातो, म्हणून गाडी जागची हलवू नका. टाय रॉड एंडच्या नटाची कॉटर पिन, शॉकॲब्सॉर्बरचे दोन बोल्ट आणि कॅलिपर ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्कने तपासा. कॅलिपर ढिला असेल तर चाक हलल्यासारखा खडखडाट येतो, हालचाल मात्र सापडत नाही. आणि चाकाचेच नट: अलॉय व्हीलला स्टीलच्या चाकाचे नट लावले, किंवा हब आणि डिस्कमध्ये गंजाची पापडी राहिली, की पहिल्या दिवशी घट्ट असलेले नट नंतर ढिले होतात. १०० किमीनंतर ते पुन्हा टॉर्कने बघायचेच.

बेअरिंग कोणतं घ्यावं? एसकेएफ, शेफलरचं एफएजी, एनबीसी, टिमकेन, एनटीएन यांपैकी कोणतंही, पण बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडून. नकली डबे इतके हुबेहूब असतात की एसकेएफने खरेपणा तपासायला स्वतःचं ॲप काढलं आहे. डबा उघडल्यावर बेअरिंग हातात धरून आतली रेस फिरवा. नवं बेअरिंग जड, एकसारखं फिरतं. सुटं असताना ते किंचित हललं तर घाबरू नका, नट अजून लागलेला नाही.

किट घ्यावं का? तुमच्या गावातला प्रेसवाला एका नकलचे किती घेतो त्याने किटची किंमत भागा. उत्तर दोन-तीनच्या वर गेलं आणि तुमच्याकडे एकच गाडी असेल तर घेऊ नका. छोटं गॅरेज असेल, नाहीतर घरात तीन-चार गाड्या असतील, तर घ्या, आणि पहिल्याच दिवशी व्हर्नियरने सगळ्या चकत्या मोजून परत करायची मुदत संपायच्या आत ठरवा.

प्रेसवाल्याकडे जाणार असाल तर नकल त्याच्या हातात देताना दोन गोष्टी बजावा: बेअरिंग दाबताना बाहेरच्या रेसवर, हब दाबताना आतल्या रेसला टेकू. मापाची वाटी त्याच्याकडे नसली तर जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस सोबत न्या. ग्राइंडरने तिची बाहेरची बाजू चौफेर थोडी घासून घ्या आणि एका जागी आरपार कापून टाका, म्हणजे ती भोकात अडकणार नाही. त्या मापाची याहून नेमकी चकती २३ तुकड्यांच्या पेटीतही मिळत नाही.